आपले हैदराबादचे पोलीस

८ जुलै १९९०, रविवार. रात्री साडेअकराला रोमच्या ऑलिंपिको स्टेडियममध्ये फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा वसमत तालुक्यातल्या हट्टा या आमच्या गावात एका वाड्याच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसं ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर बसली होती. एक पोरगं माळवदावर अँटेना धरून उभं. आषाढी पौर्णिमेची रात्र, पण आभाळ भरलेलं. पाऊस आला की चित्राला मुंग्या यायच्या. पश्चिम जर्मनी आणि अर्जेंटिना यांतला फरक आम्हाला माराडोनामुळे कळत होता. तो ज्या बाजूला, ती बाजू आमची.

सामना रटाळ झाला. अर्जेंटिनाच्या मोन्झोनला मैदानाबाहेर काढलं, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. ८५व्या मिनिटाला जर्मनीला पेनल्टी मिळाली. आंद्रेआस ब्रेहमेने चेंडू खाली, कोपऱ्यात मारला. गोलरक्षक गोयकोचेआ बरोबर त्याच बाजूला झेपावला, तरी हात पोचला नाही. नंतर माराडोना रडला आणि ओसरी गप्प झाली. त्या गप्पपणात आमचे आजोबा म्हणाले, "हे काय खेळायलेत! आपले हैदराबादचे पोलीस यायच्यापेक्षा चांगले खेळत होते."

सगळे हसले. मीही हसलो. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेला म्हातारा, त्याला जुनं सगळंच चांगलं वाटतं, असं मला वाटलं. आजोबा गेले. ते वाक्य मात्र माझ्याकडे राहिलं. ते तपासायला मी बसलो तेव्हा बरीच वर्षं उलटली होती. त्या रात्री हसलो याचं मला आजही वाईट वाटतं.

आमचं गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. जिल्हा परभणी, हिंगोली जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. कोर्टकचेरीची भाषा उर्दू, मोठं शहर म्हणजे हैदराबाद, आणि तिकडे जायला पूर्णा जंक्शनहून गाडी. मराठवाड्यातल्या माणसाला काचीगुडा म्हणजे स्टेशन. दवाखान्याला, पुढच्या शिक्षणाला, नातेवाइकांकडे जाणारा प्रत्येक जण तिथेच उतरतो. त्याच काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक मास्तर शिकवत. जन्म १७ ऑगस्ट १९०९. पदवी उस्मानिया विद्यापीठाची. अजय देवगणच्या 'मैदान' या २०२४ मधल्या चित्रपटामुळे हे नाव आता थोडं घरोघरी गेलं आहे. हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ या रहीमसाहेबांनी घडवला.

रोव्हर्स कप ही स्पर्धा मुंबईत १८९१ मध्ये सुरू झाली. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ, आणि पुढची कित्येक वर्षं चषक गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून तो पहिल्यांदा भारतीयांच्या हाती आणला. ओव्हल मैदानाच्या शेजारी असलेलं कूपरेज हे या स्पर्धेचं घर होतं. कोलकात्याचे मोठे क्लब तिथे येत, मुंबईतले गोवेकर खेळाडू आणि प्रेक्षक तर असतच.

१९५० मध्ये या मैदानावर हैदराबादचे पोलीस उतरले आणि चषक घेऊन गेले. १९५१ ला पुन्हा नेला. १९५२, १९५३, १९५४. सलग पाच वर्षं! मोहन बागान किंवा ईस्ट बंगाललाही हे कधी साधलं नाही. दिल्लीचा ड्युरँड कपही त्यांनी १९५० आणि १९५४ मध्ये जिंकला. ज्या वर्षी त्यांनी पहिला रोव्हर्स जिंकला, त्या वर्षी हैदराबाद संस्थान भारतात विलीन करणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

इथे थोडं थांबलं पाहिजे. आमच्या भागात 'निजामाचे पोलीस' हे शब्द सहज उच्चारले जात नसत. रझाकारांची दहशत, रात्री गाव सोडून हद्दीपार गेलेली कुटुंबं, १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलेला श्वास, हे सगळं प्रत्येक घरात आहे. आमच्याही घरात होतं. हैदराबादच्या पोलिसांचा चषक 'आपला' म्हणायला इथली माणसं का कचरली असतील, हे समजायला फार अवघड नाही. म्हणूनच आजोबांच्या तोंडचा 'आपले' हा शब्द मला आता मोलाचा वाटतो. राजवटीचा हिशोब आणि खेळाडूंचा हिशोब त्यांनी वेगवेगळ्या वहीत लिहिला होता. अझीझुद्दीन, नूर महंमद, जमाल, मोईन ही पोरं चेंडूच्या बळावर पोलिसात लागली होती. त्यांच्या पायांनी कुणाच्या दारावर लाथ मारली नव्हती.

रहीमसाहेबांच्या शिकवण्याविषयी जे वाचायला मिळतं, त्यातली एक गोष्ट मला विशेष आवडते. ते मुलांचे असे सामने लावत की ज्यात फक्त कच्च्या पायाने खेळायचं. उजव्या पायाच्या खेळाडूने डावा वापरायचा, डावखुऱ्याने उजवा. दुसऱ्या एका प्रकारच्या सामन्यात चेंडू पायाशी घोळवायलाच बंदी. आला की लगेच पुढे द्यायचा. विद्यार्थ्याच्या कच्च्या विषयाला आधी हात घालायचा, ही मास्तरकी त्यांनी वर्गातून थेट मैदानात आणली. आता रोममधला तो ब्रेहमे आठवा. तो खेळायचा डाव्या बगलेला, कॉर्नर आणि क्रॉस डाव्या पायाने, आणि विश्वचषक जिंकून देणारी ती पेनल्टी त्याने मारली उजव्या पायाने. दोन्ही पाय सारखे असणं ही युरोपात नवलाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. हैदराबादेत त्याची तालीम कितीतरी आधी शाळामास्तर करून घेत होता.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. त्या जखमेनंतर बूट सक्तीचे झाले आणि खेळाची मांडणीही बदलत गेली. हंगेरीने १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ हरवताना मधला आघाडीवीर मागे खेचला होता. रहीमसाहेबांनी तो धडा उचलला, आणि ब्राझीलने १९५८ मध्ये ज्या ४-२-४ रचनेवर विश्वचषक जिंकला, तिच्याशी मिळतीजुळती मांडणी आपल्या पोरांकडून त्याआधीच घोटून घेतली.

आता ज्या तारखांपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, त्यांच्याकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. तेलंगण आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूरात, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आमचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. सकाळी उठलेल्या हट्ट्याची राजधानी बदललेली होती. बरोबर एक महिन्यानंतर, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. प्रशिक्षक रहीम. संघात हैदराबादचे अझीझुद्दीन, नूर महंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, वीस वर्षांचा तुलसीदास बलराम. आणि आघाडीला मुंबईचा, मूळ गोव्याचा, नेव्हिल डिसोझा. नेव्हिलने त्या दिवशी तीन गोल केले, चौथा किट्टूचा. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू.

आमचं कालचं राज्य आणि आजचं राज्य त्या दिवशी एकाच जर्सीत धावत होतं. हे मला कळलं त्या संध्याकाळी मी वही मिटून नुसता बसून राहिलो.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. नेव्हिलने पहिला गोल करून भारताला आघाडीवर नेलं, पण सामना १-४ असा गेला. बल्गेरियाशी तिसऱ्या जागेसाठी ०-३. भारत चौथा आला, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर पुन्हा कधीच गेला नाही.

गंमत अशी की राज्य गेलं तरी फुटबॉल संघटना 'हैदराबाद' याच नावाने खेळत राहिली. १९५६-५७ च्या आंतरराज्य संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात हैदराबाद विरुद्ध मुंबई. १९५७-५८ मध्येही तेच दोन संघ. दोन्ही वेळा हैदराबाद जिंकलं. कागदोपत्री आम्ही तोवर मुंबईचे झालो होतो. हट्ट्यातल्या माणसाने त्या दोन वर्षांत कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या होत्या? आजोबांनी कुणाच्या बाजूने वाजवल्या असत्या, ते मला माहीत आहे.

आणि मग इटली. १९६० चं ऑलिंपिक रोममध्ये होतं. महाराष्ट्र राज्य तेव्हा चार महिन्यांचंही नव्हतं. कर्णधार पी. के. बॅनर्जी, प्रशिक्षक अर्थातच रहीम. संघात बलराम, युसूफ खान, हमीद, हैदराबादेत जन्मलेला आणि सैन्यात वाढलेला उंच गोलरक्षक पीटर थंगराज; आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा गोव्याचा फॉर्च्युनेटो फ्रँको.

गट कठीण होता. २६ ऑगस्टला लाक्विला या डोंगरातल्या गावी हंगेरी. हंगेरीकडे फ्लोरियन आल्बर्ट नावाचं अठरा वर्षांचं पोर होतं, ज्याला पुढे १९६७ चा युरोपचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं गेलं. गोरोच आणि आल्बर्टने एकेक गोल केला. ७९व्या मिनिटाला बलरामने एक फेडला. निकाल १-२. हा बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा, गरीब घरातला. हैदराबादला सरावाला यायला पैसे नाहीत म्हणाला, तेव्हा रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे दिले, ही आठवण तो म्हातारपणीही सांगायचा.

२९ ऑगस्टला ग्रोसेतो इथे फ्रान्स. पी. केंनी भारताला पुढे नेलं, आणि सामना संपायला आठ मिनिटं उरली असताना फ्रान्सने बरोबरी केली. १-१. आठ मिनिटं! तिसरा सामना १ सप्टेंबरला एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या पेस्कारात, पेरूशी, १-३. भारत परतला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये आपण त्यानंतर दिसलेलो नाही.

पेस्काराच्या दक्षिणेला सांग्रो नदी आहे. तिथे सतराच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९४३ मध्ये, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन जर्मनांशी लढली होती. त्या काठावरच्या युद्धस्मशानात हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने या गावाने २०२३ मध्ये त्यांचं स्मारक उभारलं. इटलीच्या त्या भागाने मराठी माणूस आधी बंदुकीसह पाहिला होता. चेंडू घेऊन आलेला भारत त्याला नंतर दिसला.

१९६० च्या त्या ऑलिंपिकमध्ये यजमान इटलीचा संघही पोरसवदा होता: सतरा वर्षांचा जियानी रिवेरा, त्रापात्तोनी, बुर्ग्निच, बुल्गारेल्ली. पुढे यातल्या एकेकाने इटलीचं फुटबॉल गाजवलं. नेपल्सच्या उपांत्य सामन्यात त्यांची युगोस्लाव्हियाशी १-१ बरोबरी झाली आणि निकाल चिठ्ठीवर लागला. चिठ्ठी युगोस्लाव्हियाची निघाली. १० सप्टेंबरला रोमच्या फ्लामिनिओ मैदानावर युगोस्लाव्हियाने डेन्मार्कला ३-१ हरवलं. पहिल्याच मिनिटाला गोल करणाऱ्या कर्णधार गालिचला नंतर बाहेर काढलं, तरीही. आधीच्या सलग तीन ऑलिंपिकमध्ये हा देश अंतिम सामना हरला होता. ज्यांनी आपल्याला दोनदा चिरडलं, त्यांनी सुवर्णासाठी बारा वर्षं वाट पाहिली. आपल्यात तो धीर उरला नाही, याची मला खंत आहे. रोमला गेलेला संघ मेलबर्नच्या संघाहून चांगला होता असं माझं मत आहे. गटात हंगेरी नसती तर तो पुढे गेला असता.

दोन वर्षांनी तीच माणसं जकार्ताला गेली. ४ सप्टेंबर १९६२ ला एशियाडच्या अंतिम सामन्यात भर विरोधी गर्दीसमोर त्यांनी दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. गोल केले पी. के.ने आणि डोक्याला टाके असताना आघाडीवर खेळलेल्या जर्नेलसिंगने. त्या संघात हैदराबादचे युसूफ खान, बलराम, थंगराज होते, आणि फ्रँकोही होता, ज्याचा गोवा मुक्त होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. रहीमसाहेबांना तेव्हा कॅन्सरने पोखरलं होतं.

हट्ट्यात आजही पोरं क्रिकेट खेळतात, व्हॉलीबॉल, कबड्डी खेळतात. मागच्या पावसाळ्यात शाळेच्या मैदानात दोन पोरं फुटबॉल मारताना दिसली. त्यांना मी उजवा पाय बांधून ठेवा, डाव्याने मारा म्हटलं. एकाचा चेंडू थेट हळदीच्या वावरात गेला. तो आणायला दोघंही धावली, परत आली, आणि पुन्हा डाव्यानेच मारायला लागली.

सय्यद अब्दुल रहीम ११ जून १९६३ ला गेले. १९६३ चा रोव्हर्स कप कूपरेजवर आंध्र पोलिसांनी जिंकला. नाव बदललं होतं; संघ तोच, हैदराबादच्या पोलिसांचा.