नीट बसवलं नसेल!

दोन लाखांच्या ग्राफिक्स कार्डाची पारख बहुतेक पडद्यावरच उरकते. अमुक गेम 4के रिझोल्यूशनला सेकंदाला किती फ्रेम देतो, पंखे किती घोंगावतात, तापमान कुठवर चढतं, एवढं पाहून निकाल लागतो. या परीक्षेत एनव्हिडियाच्या आरटीएक्स 5090 चा पहिला नंबर कुणी हिसकावून घेईल असं नाही. जानेवारी 2025 च्या अखेरीस ते बाजारात आलं; मेमरी 32 जीबी, वीज 575 वॅटपर्यंत, तेव्हाची किंमत अमेरिकेत 1,999 डॉलर आणि भारतात 2 लाख 14 हजारांपासून पुढे. वेगाबद्दल तक्रारीला जागाच नाही. घोडं पेंड खातं ते विजेची केबल कार्डात जिथे शिरते तिथे. आणि कंपनी ग्राहकाशी कशी वागणार याचाही अर्धा निकाल तिथेच, सर्किट बोर्डावर, कार्ड विकलं जाण्याआधी लागलेला असतो.

जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरवर 150 वॅटची मर्यादा होती. तेवढा भार तीन तारांत विभागला की एका तारेच्या वाट्याला चार अँपिअरच्या जरा वर येत, आणि पिना त्याच्या जवळपास दुप्पट सोसू शकत. 2022 मध्ये आलेला 12व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर आकाराने लहान, पण त्याच्यावर जबाबदारी 600 वॅटची. बारा व्होल्टला हे झाले 50 अँपिअर. वीज आणणाऱ्या पिना सहा, म्हणजे प्रत्येकीला सव्वाआठच्या वर, आणि पिनेची क्षमता साडेनऊच्या आसपास. हा हिशेब जमतो तोही सहा जणींनी भार सारखा उचलला तरच. वीज तसं बघत नाही. जिथे विरोध कमी तिथून ती जास्त धावते. एनव्हिडियाच्याच मार्च 2022 च्या 3090 टीआय कार्डात हाच कनेक्टर होता, पण सहा पिनांच्या तीन जोड्या करून प्रत्येक जोडीला मोजणीचा वेगळा रेझिस्टर दिला होता, त्यामुळे कुठली जोडी किती ओढते हे कार्डाला कळत होतं. त्यानंतरच्या 4090 पासून बहुतेक कार्डांत सहाही पिना बोर्डावर पोचताच एकत्र केल्या गेल्या. भार सहा तारांवर आहे की दोनच तारांवर, हे कार्डाला कळायला मार्गच राहिला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये जर्मन ओव्हरक्लॉकर रोमान हार्टुंग यांनी 5090 च्या केबलवर मीटर लावला, तेव्हा एका तारेतून 20 अँपिअरहून अधिक प्रवाह जात होता.

आता ग्राहकसेवेकडे येऊ. 4090 चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाल्या. पुढच्या महिन्यात एनव्हिडियाने जाहीर केलं की आपल्याकडे जगभरातून साधारण 50 तक्रारी आल्या आहेत आणि प्लग पूर्ण न बसवणं हे त्यांतलं मुख्य कारण दिसतं. कार्ड लवकर बदलून देण्याची हमीही कंपनीने दिली, हे तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. कारणही खोटं नव्हतं. गेमर्स नेक्सस या यूट्यूब वाहिनीच्या स्वतंत्र चाचण्यांतही अर्धवट बसलेले प्लग वितळले. मग ग्राहकाची चूक नाही का? आहे. पण अर्धवट बसलेला प्लग कार्डाने ओळखायला हवा होता, आणि पुढे सुधारलेल्या कनेक्टरमध्ये संवेदक पिना आखूड करून नेमकी तीच सोय केली गेली. ज्या खोटीची नोंद कुठेच होत नाही, तिचं खापर नेहमी शेवटी हात लावणाऱ्याच्या डोक्यावर फुटतं.

उलट उदाहरण एएमडीचं. डिसेंबर 2022 मध्ये काही 7900 एक्सटीएक्स कार्डांचं तापमान 110 अंशांवर जाऊ लागलं. हे नेहमीचंच आहे असं सांगून काही ग्राहकांची आधी बोळवण झाली. पण कार्डातला सेन्सर तो आकडा ज्याला त्याला दाखवत होता. जानेवारीत कंपनीला मान्य करावं लागलं की काही कार्डांच्या कूलरमधल्या व्हेपर चेंबरमध्ये पाणीच कमी भरलं गेलं होतं. इथे ग्राहकाच्या बाजूने साक्ष द्यायला खुद्द कार्ड उभं होतं.

कुणी म्हणेल, चांगली सेवा परवडत नाही, इव्हीजीएचं काय झालं बघा. एनव्हिडियाच्या चिप घेऊन कार्डं बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या या कंपनीची सेवा खरोखर नावाजलेली. कूलर उघडला म्हणून ती वॉरंटी नाकारत नसे. 2021 मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ गेम खेळताना तिची काही 3090 कार्डं जळाली. तिने परत आलेली कार्डं एक्स-रेखाली तपासली, दोष आपल्याच सोल्डरिंगचा असल्याचं सांगितलं आणि कार्डं बदलून दिली. सप्टेंबर 2022 मध्ये तिने ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला, तोही उत्पन्नाचा सुमारे 80 टक्के वाटा त्यातून येत असताना. पण प्रमुख अँड्र्यू हान यांचा रोष ग्राहकांवर नव्हता, एनव्हिडियावर होता: नफा तुटपुंजा आणि वागणूक भागीदाराला शोभणारी नाही. चिप एकाची, बोर्ड दुसऱ्याचा, केबल तिसऱ्याची, आणि वॉरंटीचा फोन मात्र बोर्डवाल्याला. अशा साखळीत प्रत्येकाला शेजाऱ्याकडे बोट दाखवता येतं. खर्चाचा आक्षेपही फारसा टिकत नाही. आसुसने 5090 च्या अ‍ॅस्ट्रल मॉडेलमध्ये प्रत्येक पिनेचा प्रवाह मोजायची सोय केली आहे. ती भार सारखा करत नाही, फक्त इशारा देते. तरी माझ्या मते दोन लाखांच्या कार्डात ती असायलाच हवी. परीक्षणांनीही फ्रेम मोजून झाल्यावर मीटर केबलकडे वळवावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करण्याआधी किंवा अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना घेऊन ये’ सांगण्याआधी एवढं विचारा: वॉरंटी भारतात चालते का, बिलावर की सीरियल नंबरवर, आणि कार्ड आपण स्वतः बसवलं तर? उत्तर लेखी घ्या. प्लग शेवटपर्यंत बसवून त्याचा फोटो काढून ठेवा. तरीही कंपनीने हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.