धाकट्याचा गृहपाठ

प्राथमिक शाळेतल्या मुलाचा अभ्यास घरी कसा घ्यावा, या विषयावर लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे मी जाणून आहे. शिक्षणशास्त्र हा माझा विषय नव्हे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माय शाळेत गेलीच नाही आणि बाबांनी चौथीत शाळा सोडली. परंतु गेल्या वर्षी जानेवारी ते मार्च असे तीन महिने तिसरीतल्या धाकट्या भावाचा अभ्यास सर्वस्वी माझ्याकडे होता. त्यात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या सांगण्यासारख्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा धाकटा असेलच.

धानाचे काम आटोपले की आमच्या भागातली माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. गावात म्हातारी माणसे आणि लेकरे उरतात. आमच्याही घरी आजी, मी आणि धाकटा एवढेच राहिलो. निघताना बाबा म्हणाले, "याले येत नसन तं पुढच्या साली संगं नेऊ. दोन हात जास्तीचे होतीन." ते रागाने बोलले नाहीत, हिशेबाने बोलले. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

आता माझी पहिली चूक. शाळेतून मिळालेला गृहपाठ तो सायंकाळी घेऊन बसे, रडकुंडीला येई, आणि मला तर दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. गाठायची असे. मग मी उत्तरे सांगत असे आणि तो उतरवून काढत असे. वहीवर लाल शाईत 'छान' असा शेरा येई. तो शेरा खरे पाहता माझा होता. एके दिवशी तो पाठ घडाघडा वाचत असताना माझे लक्ष पुस्तकाकडे गेले. पान भलत्याच पाठाचे उघडे होते. त्याने सगळा पाठ ऐकून ऐकून मुखोद्गत केला होता. त्यातला एक शब्द मी कागदावर वेगळा लिहून दाखवला, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, मले नाही येत ना वो."

2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्टच असे आहे की, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत. तिसरीची अट उगाच घातलेली नाही. तोवर मूल वाचायला शिकत असते. त्यानंतर त्याला वाचून शिकावे लागते. भूगोल वाचायचा, गणितातले शाब्दिक उदाहरण वाचायचे. ज्याला वाचताच येत नाही, तो सगळ्याच विषयांत एकदम मागे पडतो आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

म्हणून तिसरीचे पुस्तक मी बाजूला ठेवले. मुळाक्षरे 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत घोटून मग शब्दाकडे जाणे ही आपली जुनी रीत. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वाचनाचे जे काम केले, त्यात थोडी अक्षरे आणि एखाददुसरी मात्रा शिकवून लगेच त्यांचे शब्द करायला लावतात. हे मला फार पटले. 'म', 'क', 'र', 'न' आणि काना एवढ्यावर 'मका', 'कान', 'नाक', 'मान', 'काका', 'मामा' असे कितीतरी शब्द होतात. मुलाला पहिल्याच दिवशी काहीतरी वाचल्याचे समाधान मिळते. एकेका आठवड्यात चार-पाच अक्षरे वाढवीत गेले. घरात गोष्टीचे पुस्तक नव्हते. पण खताच्या पोत्यावर अक्षरे होती, एस.टी.वर गावांच्या पाट्या होत्या, आणि सर्वांत उत्तम म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरे होती! दिवाळीनंतर आमच्या गावोगावच्या भिंती या पोस्टरांनी भरून जातात. त्यांतली अक्षरे मोठी, रंगीत, आणि वाचायची ओढ अशी की शिकवणाऱ्याला काही करावेच लागत नाही. वडशाची कोणती कंपनी येणार, हे त्याने स्वतः वाचून आजीला सांगितले, त्या दिवशी त्याचा रुबाब पाहण्यासारखा होता.

दुसरी चूक भाषेची. आमच्या घरी झाडीबोली बोलतात. 'पाणी'ला आम्ही 'पानी' म्हणतो, 'डोळा'ला 'डोरा'. धाकटा पुस्तकातले 'पाणी' वाचताना 'पानी' म्हणाला की मी थांबवीत असे. दर ओळीला तीनदा थांबवल्यावर पोर वाचणारच कसे? पुढे ध्यानात आले की, त्याने अक्षर बरोबर ओळखले होते, अर्थही बरोबर लावला होता. फक्त तोंड घरचे होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही, शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे कलम आहे. मातृभाषा म्हणजे पुण्याची मराठी, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. मी टोकणे सोडले. लिहिताना मात्र 'ण' कुठे येतो ते दाखवीत राहिले. ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली होती. त्यापुढे मी एक 'ण' सोडला तर काय बिघडले!

गणितात त्याची निराळीच अडचण होती. सत्तावीस सांगितले की तो 72 लिही. मी त्याला वेंधळा म्हणत असे. परंतु विचार करा: 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी. कानाने ऐकले तसे तो लिहीत होता. याच अडचणीमुळे 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' अशीही रीत दिली गेली आणि केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना पुष्कळ टीका सोसावी लागली. मीही तेव्हा हसणाऱ्यांतलीच. फोनवर बाबांना ही गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, "इकडे तसंच म्हन्तेत. इरवै एडु." तेलुगूत इरवै म्हणजे वीस आणि एडु म्हणजे सात. मिरचीच्या मजुरीचा हिशेब करता करता बाबा ती मोजणी शिकले होते. त्या रात्री त्यांनी फोनवरून लेकाला तेलुगू आकडे शिकवले, आणि त्याचे उलटे लिहिणे पुढच्या काही दिवसांत पुष्कळ कमी झाले.

पाढ्यांसाठी तेंदूपाने कामी आली. आपल्याकडे तेंदूच्या एका पुडक्यात 70 पाने बांधतात. माय उन्हाळ्यात पुडकी बांधते तेव्हा तिची बोटे पाहावी. लिहिणे न येताही हिशेब चुकत नाही. मी धाकट्याला विचारले, पाच-पाच पाने घेतली तर किती वेळा घ्यावी लागतील? चौदा वेळा, हे त्याने चिंचोके मांडून काढले. मग शंभर पुडक्यांची पाने किती, हे त्याचे त्यानेच मला विचारले.

यातून एक गोष्ट मी शिकले. न शिकलेल्या आईबापांना आपण लेकराच्या अभ्यासातून अगदी वगळून टाकतो. त्याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमची माय त्या समितीवर आहे. सभेला जाते, अंगठा देते, गप्प राहते. आपल्याला यातले काय कळते, असे तिला वाटते. परंतु ऐकायला तर येते! मुलाने मोठ्याने वाचावे आणि कुणी तरी "मग का झालं?" असे विचारावे, यासाठी अक्षरओळख लागत नाही. उलट ऐकणाऱ्याला खरोखरच गोष्ट ठाऊक नसेल, तर मुलाला ती नीट सांगावीच लागते. मला गोष्ट ठाऊक असल्याने तो माझ्यापुढे अर्धवट सांगून सुटत असे. आजीपुढे सुटत नसे.

वेळ म्हणाल तर आम्ही रोज अर्ध्या तासाहून अधिक कधी बसलो नाही. जंगलाला लागून गाव, वाघाच्या धाकाने अंधार पडण्याआधी सगळे घरात. तोच वेळ आम्ही धरला. गृहपाठ चुकला तर चुकलेलाच वहीत ठेवू लागले. एकदा गुरुजींनी बोलावले तेव्हा मी सगळे खरे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी पहिलीचे पुस्तक काढून हाती दिले आणि म्हणाले, "हे आधी सांगायचं होतं."

मार्चच्या अखेरीस मायचा फोन आला. धाकट्याने माझ्या हातून तो ओढून घेतला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला मजकूर वाचायला लागला. मध्ये जोडाक्षरापाशी अडखळला. पलीकडून मायचा आवाज आला, "वाच ना बापा, आयकून रायली मी."