सनस्क्रीनमधील हलके विद्रावक

प्रसाधनांच्या दुकानी सनस्क्रीन मागणारे गिऱ्हाईक बहुधा प्रथम विचारते, “चिकट तर नाही ना?” याचे उत्तर बाटलीतील विद्रावकात, म्हणजे विरघळविणाऱ्या द्रवात असते, आणि ते विक्रेत्यास ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

खोबरेल तेलाच्या रेणूस तीन लांब साखळ्या असतात. असे मोठे रेणू परस्परांना धरून राहतात, उडून जात नाहीत. म्हणून तेल अंगावर जड लागते. आयसोडोडेकेनचा रेणू त्या मानाने लहान, बाराच कार्बन अणूंचा व फाटे फुटलेला. त्यामुळे तो शेजाऱ्यास घट्ट बिलगत नाही. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १८० अंश सेल्सिअस आहे खरा, परंतु ओले धोतर वाळण्यास पाणी उकळावे लागत नाही. तद्वत हा द्रवही त्वचेवरील पातळ थरातून लवकरच उडून जातो. दुकानात मात्र त्यास ज्योतीपासून दूर ठेवावे. तो ज्वलनशील आहे.

सायक्लोपेंटासिलोक्सेन हे सिलिकोनही असेच उडते. परंतु ते पर्यावरणात दीर्घकाळ टिकते. म्हणून युरोपीय संघाने धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत त्यास २०२० पासून ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांसाठी ती ६ जून २०२७ नंतर लागू करण्याचे २०२४ मध्ये ठरले. निर्यातदार बंधूंनी ही तारीख टिपून ठेवावी.

तथापि सारेच विद्रावक उडून गेले तर लेपाचे कामच बिघडेल. दीर्घ लहरींचे अतिनील किरण शोषणारे ॲव्होबेंझोन ही मुळात फिकट पिवळसर भुकटी. ती पाण्यात विरघळत नाही. पाक आटला की साखर जशी खडे धरते, तसे विद्रावक अपुरा पडल्यास तिचे स्फटिक बनतात, थर विरळ होतो व ऊन त्यातून शिरते. म्हणून न उडणारे, तरीही तेलाइतके जड न लागणारे अल्किल बेंझोएटसारखे विद्रावक सोबत घालतात. कसबी उत्पादकाचे कौशल्य या दोहोंच्या प्रमाणात आहे. केवळ चटकन सुकण्यावर मालाची पारख करू नये.

हलकेपणाचा आणखी एक परिणाम असा की, लावणाऱ्यास थोडक्यातच पुरेसे वाटते. बाटलीवरील एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून काढलेला असतो. चेहऱ्यापुरते हे सव्वा ग्रॅमच्या आसपास होते. लोक सर्वसाधारणपणे याहून पुष्कळ कमी लावतात व छापलेले संरक्षण त्यांस मिळत नाही. अधिक लावा म्हणण्यात कोणास आमचा विक्रीचा हेतू दिसेल. पण आकडा चाचणीचा आहे, दुकानदाराचा नव्हे.