मधल्या आकाराचा टॅबलेट

निवृत्तिवेतनांतून टॅबलेट घेणाऱ्यानें प्रथम मापाचा अर्थ ध्यानांत घ्यावा. पडद्याचें माप कर्णावर घेतात. म्हणून लांबी-रुंदीचें प्रमाण तेंच असल्यास १० इंची पडद्याचें क्षेत्रफळ ८ इंचीच्या दीडपटीहूनहि अधिक भरतें. मोठ्यावर अक्षर ऐसपैस दिसतें, पण हात भरून येतो. मीं मोठा घेतला. तो मेजावरच पडून असतो. २०२१ सालचा ८.३ इंची आयपॅड मिनी ३०० ग्रॅमांच्या आंत आहे. दुकानांत यंत्र दहा मिनिटें एका हातीं धरून जोडाक्षरांचा मजकूर वाचावा. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षें मिळतील, हेंहि विचारावें. त्या थांबल्यावर त्यावर पेढीचे व्यवहार करणें धोक्याचें. डोळे आणि मनगट दोघेहि संमति देतील, तोच टॅबलेट घ्यावा.