दीड हाताचा फरक

आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेसने हैदराबादकडे निघालात तर आधी महाराष्ट्र लागतो. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड. तिथून काटकोनासारखं वळण घेत उमरी, धर्माबाद, आणि मग बासरला गाडी पुन्हा तेलंगणात! सडकेने साधारण तीनशे किलोमीटर असलेली राजधानी रुळांवरून चारशेच्या पुढे जाते.

गंमत अशी, की 2016 साली जिल्ह्याचे चार तुकडे होईपर्यंत बासरसुद्धा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. म्हणजे गाडी जिल्ह्यातून निघून, दुसरं राज्य हिंडून, परत त्याच जिल्ह्यात यायची. हे रूळ टाकणाऱ्याचं खूळ नव्हे. रूळ निजामाच्या एकाच राज्यातले, सीमा नंतरची. 1956 मध्ये किनवट आदिलाबादमधून नांदेडकडे आलं आणि मुधोळचा भाग नांदेडमधून आदिलाबादकडे गेला. माणसांची जिल्ह्याची ठिकाणं बदलली. रूळ होते तिथेच राहिले.

पण ते रूळ मीटरगेज होते आणि मराठवाड्याचं दुखणं इथेच होतं. मीटरगेज म्हणजे दोन रुळांत 1000 मिलिमीटर अंतर, ब्रॉडगेज म्हणजे 1676. फरक जेमतेम दीड हाताचा! तेवढ्यासाठी जंक्शनवर प्रवाशाने वळकटी उचलून गाडी बदलायची आणि हमालाने एका डब्यातलं पोतं दुसऱ्यात टाकायचं. बरं, रूळ नुसते सरकवून भागत नाही. स्लीपर आखूड पडतात, भराव रुंद करावा लागतो, पूल नव्या वजनाला पुरत नाहीत. काम चालू असताना गाडी बंद, ती वेगळीच.

हैदराबाद मुक्तिलढ्यातले गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने ब्रॉडगेजचा प्रश्न विकासाचा म्हणून लावून धरला. निवेदनं, मोर्चे, पुन्हा निवेदनं. माझ्या मते त्यांची खरी कमाई ही, की दोन रुळांमधलं अंतर हा गावोगावच्या गप्पांचा विषय झाला. नव्वदच्या दशकात मनमाड-औरंगाबाद मार्ग रुंद झाला. मुदखेड-आदिलाबादच्या 162 किलोमीटरचा नंबर मात्र पार 2000 नंतर लागला.

एव्हाना आदिलाबादच्या पलीकडची बाजूही उघडली होती. पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातल्या पिंपळखुटीला, पुढे वणीवरून माजरीला, म्हणजे थेट दिल्ली-चेन्नई मार्गाला रूळ भिडले. जिथे रूळ संपायचे तिथून मुंबईची नंदिग्राम एक्स्प्रेस नागपूरला जाऊ लागली.

आदिलाबादकर अजून एक मागणी धरून बसलेत: निर्मल, आर्मूरवरून सरळ मार्ग. तो झाला तर राजधानीच्या वाटेवर महाराष्ट्र लागणार नाही. किनवटच्या फलाटावर त्याचं काय वाटेल, हे कुणी विचारलेलं नाही.