फुकटच्या मालाचा रफूगर आणि त्याचा मासिक हिशोब

फुकट मिळणाऱ्या मालावर आमचा पहिल्यापासून विश्वास नाही. म्हणून पुतण्याने आमच्या दुकानाच्या संगणकावर 'डेबियन' नावाची प्रणाली बसविली आणि तिचा एक पैसाही द्यावा लागत नाही असे सांगितले, तेव्हा आम्ही विचारले, "मग ही दुरुस्त कोण करतो, आणि त्याचे पोट कशावर चालते?" जे उत्तर मिळाले ते व्यापारी व कारागीर बांधवांनी ऐकण्यासारखे आहे.

डेबियनचे काम १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केले. जगभरचे स्वयंसेवक ते चालवितात. तिची मूळ संहिता खुली असते. कोणीही वापरावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. वक्फच्या विहिरीसारखाच प्रकार म्हणा ना. पण विहिरीचा गाळ कोणीतरी काढावाच लागतो. प्रत्येक आवृत्तीची डागडुजी साधारण तीन वर्षे होते, मग मंडळी नव्या आवृत्तीकडे वळतात. कारखान्यातले यंत्र मात्र तीन वर्षांत बदलता येत नाही, हे लूमवाल्यांना सांगायला नको.

२०१४ पासून फ्रान्समधील राफाएल हर्त्झोग यांच्या 'फ्रेक्सियन' या कंपनीने यावर तोड काढली. ज्यांचा कारभार जुन्या आवृत्तीवर चालतो अशा कंपन्या (तोशिबासारख्या मोठ्याही) पैसे भरतात. त्यातून कामाचे तास विकत घेतले जातात आणि दरमहा कारागिरांत वाटले जातात. आवृत्तीचे आयुष्य त्यामुळे पाच वर्षांपर्यंत जाते.

हे काम म्हणजे निव्वळ रफू. एखादा दोष सापडला की त्याची दुरुस्ती बहुधा नव्या आवृत्तीसाठी तयार होते. ती जुन्यावर तशीच चिकटविता येत नाही. जुन्या कापडाला त्याच नंबरचे सूत लागते, नाहीतर कापड भोवतालून फाटते. आठवड्याच्या पाळीने एक जण आलेल्या दोषांची छाननी करतो, कोणता घातक आणि कोणता थांबू शकेल ते ठरवितो. मग जो काम उचलेल तो सामाईक यादीत आपले नाव लिहितो, म्हणजे एकाच कामाला दोघांचे हात लागत नाहीत. दुरुस्तीनंतर, काल चालणारे आज बंद तर पडले नाही ना, ही तपासणी. शेवटी क्रमांक घालून जाहीर सूचना निघते.

आम्हाला खरे आश्चर्य वाटले ते महिनाअखेरच्या हिशोबाचे. समजा वीस तास मिळाले आणि चौदाच झाले, तर सहा तास पुढच्या महिन्यात ओढले किंवा परत केले, असे कारागीर सर्वांसमक्ष लिहून देतो. डोक्यावर मुकादम नाही, माणूस आपल्या घरी बसलेला. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, पण आम्ही स्वतः एकदा बिलांची प्रणाली तोंडी ठरावावर करून घेतली आणि हात पोळून घेतले. दोष त्या माणसाचा जितका, तितकाच आमचा.

पैसा आला की सारे सुरळीत होते असेही नाही. २००६ साली 'डंक-टँक' नावाच्या उपक्रमात डेबियनची नवी आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून दोघा जबाबदार व्यक्तींना महिन्या-महिन्याचा मेहनताना देण्याचे ठरले. बाकीचे विनामोबदला राबणारे नाराज झाले, काहींनी हात आखडता घेतला. डिसेंबरात निघायची आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली. आमच्या मते तिथे मजुरी खटकली नाही, निवड खटकली. पुढे जुन्या आवृत्तीचे, कोणाला फुकट करावेसे न वाटणारे काम मजुरीला लावले आणि तास अनेकांत वाटले, तेव्हा गाडी चालली.

मजुरी न दिल्याचा परिणामही जगाने पाहिला आहे. 'ओपन-एसएसएल' ही गुप्तता राखणारी संहिता लाखो ठिकाणी वापरात होती, आणि तिला वर्षाकाठी देणगी मिळे ती अवघी दोन हजार डॉलरच्या आसपास. २०१४ च्या एप्रिलात तिच्यात 'हार्टब्लीड' नावाचे भगदाड सापडले, तेव्हा कुठे बड्या कंपन्यांनी थैल्या सोडल्या.

पुतण्याला आम्ही आता दरमहा तास लिहून द्यायला सांगितले आहे. पहिल्या महिन्याचे साडेतीन तास निघाले, ते चुकते केले. त्याआधी दोन वर्षांत त्याचे किती तास गेले हे त्याने लिहिले नाही, आम्ही विचारले नाही. ते देणे अजून आमच्या अंगावर आहे.