काटकपणाचा दाखला

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतून हिंडताना एक वाक्य माझ्या कानी इतक्या वेळा आले आहे की, ते उच्चारणारा कारखानदार आहे, मुकादम आहे, की स्वतः पाच बाळंतपणे निभावलेली एखादी आजीबाई आहे, हे मान वर करून पाहण्याची उत्सुकताही आता उरलेली नाही : “आमच्या बाया काटक हो, पूर्वी बांधावर बाळंत व्हायच्या आणि तिसऱ्या दिवशी खुरपं हाती घ्यायच्या.” हे ‘पूर्वी’ नेमके केव्हाचे, आणि त्या बांधावरून परत न आलेल्यांची मोजदाद कोणत्या दप्तरात आहे, असे विचारले की संभाषण सुताच्या भावाकडे वळते.

गंमत अशी की, त्याच आजीबाईला लेकीच्या बाळंतपणाविषयी विचारावे, तर सव्वा महिना, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू ही यादी ती न अडखळता सांगते. म्हणजे विश्रांतीची आवश्यकता परंपरेलाही ठाऊक होती. ज्या घराला सव्वा महिन्याची मजुरी बुडवणे परवडत नाही, त्या घरच्या अगतिकतेलाच आपण काटकपणा हे गौरवाचे नाव दिले आहे. प्रसूतीच्या वेळी सुमारे 1 किलो भरणारे गर्भाशय आकुंचन पावत 100 ग्रॅमच्या आत येण्यास सुमारे 6 आठवडे लागतात, आणि ही मुदत मालकिणीला व कांडी भरणारीला एकच. किंबहुना 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला असता, कष्टकरी बाळंतिणीला विश्रांती अधिकच हवी.

काटकपणाचा हा समज केवळ सोलापुरी नव्हे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनाही गुलामगिरीच्या काळापासून ‘सोशीक’ हे असेच विशेषण चिकटले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील अभ्यासात सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी व निवासी डॉक्टरांनी, काळ्या माणसाची कातडी जाड असते अशा धर्तीच्या खोट्या विधानांपैकी निदान एखादे खरे मानले होते. 2022 मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे 49.5 कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या 19.

येथे, शिलाईच्या शेडमध्ये, टॉवेलाची कड मशीनखाली सरकवता सरकवता एका बाईने रद्दी तुकड्याची चौपदरी घडी गुपचूप पोलक्यात सारलेली मी पाहिली. दूध झिरपत होते, बाळ घरी सासूपाशी होते आणि प्रसूतीला महिनाही उलटला नव्हता. “बघा, काटक!” मुकादम कौतुकाने म्हणाला. मुंबई कायदे कौन्सिलात 1928 साली डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-लाभाच्या विधेयकाचे समर्थन केले, 1929 साली इलाख्यात तो कायदा झाला, आणि 1961 च्या केंद्रीय कायद्याने तर प्रसूतीनंतर 6 आठवडे बाईला जाणूनबुजून कामावर ठेवण्यासच मालकाला मनाई केली. मुकादम ज्याचे कौतुक करीत होता ते बेकायदा होते.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो. ‘ठेकेदाराच्या बाईला रजा नाही’ : कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत लागलेली स्त्रीही येते, मात्र हजेरीपटावर नाव चढले आहे की नाही हे तिने आधीच पाहून घ्यावे. ‘भरपगारी सहा महिने सरकारी नोकरदारणींनाच’ : 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे, अट मागील वर्षात 80 दिवस कामाची, कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) विमाधारक असेल तर रक्कम विमा महामंडळ देते. ‘चीक जड, पिळून टाकावा’ : तेच बाळाचे पहिले संरक्षण. ‘बाळंतिणीला पाणी बेताने’ : अंगावर पाजणारीला पाणी अधिकच लागते. ‘रडते ती नखरे करते’ : पहिल्या काही दिवसांचे रडू आपोआप ओसरते, उदासी दोन आठवड्यांपलीकडे गेली तर तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशाताईने, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीने, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जावे, असा सरकारी शिरस्ता आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या कामगार वसाहतीत ती एकविसाव्या दिवशी दार ठोठावील, तेव्हा बाळ सासूच्या मांडीवर सापडेल. जिचा ताप, टाके आणि रक्तस्राव विचारायचा, ती पाळीवर गेलेली असेल.